चोर सोडून संन्याशाला फाशी: सर्व्हरच्या मेमरीच्या नोंदी

८ जून २०२४

सकाळी सातला काकांचा फोन. "अरे तुझं ते मशीन परत झोपलं का, मी दोन पानं तपासून सेव्ह केलं तर नुसतं गोल गोल फिरतंय आणि मग सगळंच गेलं." काका म्हणजे आमचे रिटायर्ड मराठीचे मास्तर. जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन आम्ही ओसीआर करतो (चित्रातून मजकूर काढतो) आणि निघालेला मजकूर ते ओळ न ओळ तपासतात, तेही फुकट, त्यामुळे त्यांची दोन पानं उडाली की मलाच लाज वाटते. पंधरा दिवसांत हे तिसऱ्यांदा झालंय. पहिल्या दोन वेळा मी रीस्टार्ट मारून मोकळा झालो होतो, आता नीट शोधायचं आणि सापडेल ते इथे लिहीत जायचं, नाहीतर सहा महिन्यांनी मीच विसरणार.

मशीनची कुंडली: भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, रॅम ४ जीबी (प्रत्यक्षात ३.८), स्वॅप (रॅम कमी पडली की पानं ठेवायची डिस्कवरची जागा) शून्य, डेबियन १२ लिनक्स. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, एक छोटं वेब ॲप आणि ओसीआर करणाऱ्या टेसरॅक्टचे ६ वर्कर. सगळं एकाच मशीनवर का, तर खिसा.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, पहाटेची ओळ सापडली. आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, आणि पुढे नाव पोस्टग्रेसचं! मेमरी कोण खातंय तर टेसरॅक्ट, आणि मेलं कोण तर डेटाबेस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आज एवढंच, लाइट जायची लक्षणं आहेत.

९ जून

रविवार, निवांत बसून तो लॉग पूर्ण वाचला. आधी मी फक्त शेवटची ओळ बघायचो, पण वरती दीड-दोनशे ओळींचा पंचनामा असतो आणि खरी गंमत त्यातच आहे.

पहिली ओळ सांगते की ओओएम किलरला, म्हणजे मेमरी संपली की कोणाला तरी मारणाऱ्या कर्नलच्या भागाला, बोलावलं कोणी. माझ्याकडे तिथे पायथन होतं, म्हणजे वेब ॲप. पुढे ऑर्डर शून्य, म्हणजे त्याने मागितलं होतं मेमरीचं फक्त एक पान, ४ केबी. तर ज्याचं नाव पहिल्या ओळीत आहे तो गुन्हेगार नसतो, तो फक्त त्या क्षणी काउंटरवर उभा होता आणि त्याच्या वेळेला डबा रिकामा निघाला. हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, मी पहिल्या ओळीतल्या प्रोग्रामलाच शिव्या घालायचो.

मग मेलेल्याचे आकडे. पोस्टग्रेसचं एक बॅकएंड, म्हणजे पूलमधलं एक जुनं कनेक्शन. ॲनॉन-आरएसएस ३८ एमबी. शेअर्ड-मेमरी-आरएसएस ९३० एमबी. इथे थांबलो आणि परत वाचलं. म्हणजे त्याची स्वतःची अशी मेमरी ३८ एमबीच आहे! बाकीची ९३० ही पोस्टग्रेसची सामायिक बफर मेमरी, मी १ जीबी ठेवलीय ती. जुनं कनेक्शन दिवसभर इथलं तिथलं वाचत वाचत जवळजवळ सगळ्या बफरला हात लावून आलं होतं, म्हणून कर्नलने ती सगळी त्याच्या नावावर धरली. एकत्र कुटुंबातल्या घराचा अख्खा सातबारा एका भावाच्या नावावर दाखवावा तसं. त्याला मारलं तरी घर तिथेच राहणार, सुटणार ते ३८ एमबी.

आणि टेसरॅक्टचे वर्कर? सहा जण, प्रत्येकी साधारण ३८० एमबी, मिळून सव्वादोन जीबी. पण कर्नल बेरीज करत नाही, एकेकट्याला तोलतो. एकेकटा ३८०, आणि समोर ९६८ चा पोस्टग्रेस. निकाल लागला. गोष्टीत नाही का, फास ज्याच्या गळ्यात बसतो त्याला लटकवतात.

१० जून

काल रात्री झोप येईना म्हणून कर्नलच्या सोर्समधली ओओएम किलरची फाइल वाचली. मोठी नाहीये, आणि समजते. वरती नावं आहेत, १९९८ आणि २००० ची रिक व्हॅन रीलची कॉपीराइट ओळ, मग २०१० मध्ये गुगलच्या डेव्हिड रिएन्टजेसने परत लिहिली. वरच्या कॉमेंटमध्ये असं आहे की नीट कॉन्फिगर केलेल्या मशीनवर हे फंक्शन फारसं चालणारच नाही, म्हणून ही फाइल नवशिक्यांसाठी वळण दाखवायला पण वापरा. नीट कॉन्फिगर केलेल्या मशीनवर. टोमणा मलाच होता असं धरून चालतो.

हिशेब एकदम साधा आहे. प्रोसेसची रॅममधली पानं, अधिक स्वॅपमध्ये गेलेली पानं, अधिक पेज टेबलला (या पानांच्या नोंदवहीला) लागलेली पानं. त्यात ओओएम-स्कोअर-ॲडजस्ट हा आकडा, उणे १००० ते अधिक १०००, एकूण मेमरीच्या हजाराव्या हिश्श्याने गुणून मिळवायचा. सगळ्यात जास्त भरेल तो गेला. उणे १००० असेल तर त्याला हातच लावायचा नाही. २०१० च्या आधी याच्यात बरंच काय काय असायचं, किती वेळ चालतोय, नाइस (प्राधान्य) किती, रूटचा (ॲडमिनचा) आहे का. ते सगळं हळूहळू काढून टाकलं, रूटला मिळणारी ३ टक्क्यांची सवलत सुद्धा ४.१७ मध्ये गेली. मला वाटतं बरोबरच केलं, कारण कर्नलला कोण महत्त्वाचं ते कळणं शक्यच नाही, तर निदान निर्णय असा असावा की माणसाला आधी अंदाज बांधता येईल.

प्रॉकमध्ये (कर्नल आपली माहिती दाखवतो त्या फोल्डरमध्ये) जाऊन सगळ्यांचे स्कोअर काढले तर रिकाम्या बसलेल्या प्रोसेसचा पण ६६६! आधी वाटलं काहीतरी बिघडलंय. तसं नाहीये, ५.९ पासून दाखवायची मोजपट्टीच बदललीय, शून्यवाला ६६६ दिसतो. वर्कर ७३३, तसंच एक जुनं कनेक्शन ८३६. जुने लेख वाचून शून्य ते हजारच्या हिशेबाने गेलात तर डोकं फिरेल.

१२ जून

आज मुळात हे होतंच का ते. एक वीस ओळींचा सी प्रोग्राम लिहिला, टेस्टच्या मशीनवर (तेही ४ जीबी).

एकदम १० जीबी मागितले. कर्नल म्हणाला नाही. मग १-१ जीबी करून दहा वेळा मागितले. दहाही वेळा हो! ३.८ जीबीच्या मशीनवर १० जीबी दिले, तक्रार नाही, आणि फ्री कमांडमध्ये तर काहीच हललं नाही. कारण मॅलॉक, म्हणजे मेमरी मागायचं फंक्शन, ही नुसती लग्नाची पत्रिका, पानाला पहिल्यांदा हात लावाल तेव्हा खरं पान मिळतं. मग मेमसेटने हात लावत गेलो, एक, दोन, तीन, आणि साडेतीनच्या आसपास पडला. एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल, जागीच मारणारा सिग्नल.

हे ओव्हरकमिट, आहे त्यापेक्षा जास्त कबूल करणं. लग्नाच्या पत्रिका पाचशे छापायच्या आणि स्वयंपाक तीनशेचा करायचा, कारण सगळे कधीच येत नाहीत हा अनुभव. बहुतेक वेळा बरोबरच ठरतं आणि अन्न वाया जात नाही. पण एखाद्या वर्षी सगळेच आले तर? मग पंगतीतून ज्याने सगळ्यात जास्त जागा अडवलीय त्याला उठवायचं. तो नवरदेवाचा मामा असला तरी.

डीफॉल्ट मोड शून्य, त्यात कर्नल फक्त उघड उघड वेडेपणा नाकारतो, म्हणजे एका दमात रॅम अधिक स्वॅपपेक्षा जास्त मागणं. म्हणून १० एकदम नाही आणि १-१ करून हो. मोड एक म्हणजे कायम हो. मोड दोन म्हणजे हिशेबाने, जेवढं देता येईल तेवढंच कबूल करायचं, विंडोज असंच करतं.

हा खोटा उदारपणा का ठेवलाय याचं मोठं कारण फोर्क, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढणं, हे आहे. २ जीबीचा प्रोसेस फोर्क झाला की कागदावर ४ जीबी होतात, पण कॉपी-ऑन-राइटमुळे (कोणी लिहिलं तरच पान वेगळं होतं) प्रत्यक्षात जवळपास काहीच लागत नाही, पोराला बहुतेक लगेच एक्झेक करून दुसरंच काहीतरी व्हायचं असतं. कडक हिशेब ठेवला तर एवढ्यासाठी २ जीबी राखून ठेवावे लागतील.

१३ जून

मोड दोन लावून बघितला. पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तोच सुचवलाय म्हणून. चूक झाली, म्हणजे चूक माझी. मोड दोनमध्ये मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमच्या ५० टक्के, आणि माझ्याकडे स्वॅप शून्य, म्हणजे १.९ जीबी फक्त. मेमइन्फोमध्ये कबूल केलेली मेमरी आधीच त्याच्या वर होती. एंटर दाबला आणि पुढची साधी एलएस पण चालेना, फोर्क: कॅनॉट अलोकेट मेमरी. नशीब की शेल उघडा होता आणि एको शेलच्या आतलीच कमांड आहे, तिला फोर्क लागत नाही, त्यानेच प्रॉकमध्ये परत शून्य लिहिलं. टेस्टच्या मशीनवर केलं होतं म्हणून इथे हसत लिहितोय.

५० चा आकडा वाढवता येतो, पण आमच्या मशीनवर चार भाषांमधले प्रोग्राम आहेत आणि त्यातले किती जण मॅलॉकने नाही म्हटल्यावर शहाण्यासारखे वागतील? माझा तो पायथनचा कोड तर नक्कीच नाही. मोड दोन बाजूला ठेवला.

१६ जून

एक गोष्ट अजून टोचत होती. काका म्हणाले होते "गोल गोल फिरतंय". म्हणजे मरायच्या आधी बराच वेळ मशीन अर्धमेलं होतं. ग्राफ काढले, मारलं ५:४० ला पण डिस्कचं वाचन ५:१५ पासूनच छताला लागलेलं. पंचवीस मिनिटं! स्वॅप नसताना डिस्क कशाला एवढी फिरेल?

उत्तर सापडल्यावर कपाळाला हात लावला. स्वॅप नाही म्हणजे प्रोग्रामचा स्वतःचा डेटा कुठे हलवताच येत नाही. मग कर्नल काय हलवणार? जे फाइलमधून परत वाचता येतं ते. आणि प्रोग्रामचा कोड म्हणजे पण फाइलच की. म्हणून तो पोस्टग्रेसच्या, पायथनच्या, एसएसएचच्या (दुरून लॉगिन करतो त्याच्या) कोडची पानं टाकून देतो, पुढच्या क्षणी तीच लागतात, डिस्कवरून आणतो, मग दुसरी टाकतो. स्वॅप काढला की थ्रॅशिंग (पानं नुसती आत-बाहेर करत बसणं) होत नाही असं मी दोन वर्षं लोकांना सांगत होतो, चूक सांगत होतो.

आणि या सगळ्या वेळात ओओएम किलर गप्प का? कारण कर्नलच्या दृष्टीने काम चाललंय. मोकळी पानं ठरलेल्या लो खुणेच्या खाली गेली की केस्वॅपडी हा कर्नलचा सफाईवाला उठतो आणि मागे मागे साफसफाई करतो, अजून खाली, मिन खुणेशी पोचलं की मग मागणाऱ्यालाच कामाला लावतात, आधी तू झाडू मार मग पान घे. झाडू मारून काही न सापडण्याची पाळी लागोपाठ १६ वेळा आली तर मग मात्र ओओएम. पण कोडची पानं टाकून प्रत्येक वेळी थोडंसं सापडतंच, की मोजणी परत शून्यावर. हा जो आशावाद आहे ना, तोच मला किलरपेक्षा जास्त घातक वाटतो. सिगकिल एका क्षणात संपतं, ती पंचवीस मिनिटं मात्र सगळ्यांनाच भोगावी लागतात, आणि त्यात एसएसएचने आत शिरून काही करावं तर तोच अडकलेला.

२० जून

पाऊस, नेट दोन दिवस नीट नाही, मोबाइलवर वाचत पडलो. कर्नलवाल्यांची स्वतःची पण या विषयात बरीच फरपट झालीय. २०१४ च्या डिसेंबरात मोठी चर्चा झाली होती, कर्नलच्या आतल्या आत कोणी ८ पानांपर्यंत, म्हणजे ३२ केबीपर्यंत मागितलं तर ती मागणी बहुतेक वेळा फेल होतच नाही, तो फिरत राहतो, हे फाइलसिस्टिमवाल्यांना तेव्हा कळलं. त्यांनी आपापल्या कोडमध्ये मेमरी नाही मिळाली तर काय करायचं ते मन लावून लिहिलं होतं आणि तो कोड जवळजवळ कधी चाललाच नव्हता. आणि फिरत राहण्यात धोका असा की मागणारा एखादं लॉक धरून बसलाय, किलरने ज्याला मारलं त्याला मरायला नेमकं तेच लॉक हवंय. मग हा त्याच्या मरणाची वाट बघतो आणि तो याच्या लॉकची.

त्यावर ४.६ मध्ये, २०१६ साली, मिखाल होकोने ओओएम रीपर आणला. वेगळा थ्रेड, मेलेल्याने पूर्ण मरायची वाट न बघता त्याची खासगी पानं काढून घेतो. ऐकायला भीषण आहे, पण अंत्यसंस्काराचे कागद होईपर्यंत खोली अडवून ठेवायची नाही एवढाच अर्थ.

जाता जाता, आयबीएमच्या एआयएक्समध्ये मारायच्या आधी सगळ्यांना सिगडेंजर पाठवायची सोय होती, बाबांनो जागा कमी होतेय, काय टाकता येतं ते टाका. लिनक्समध्ये तसा सिग्नल नाही. अँड्रॉइडमध्ये तर मारणं हा रोजचाच कारभार, मागे पडलेली ॲप सतत मारली जातात, पण तिथे कोण समोर आहे आणि कोण मागे हे सिस्टिमला माहीत असतं. म्हणजे परत तेच, कर्नलला कोणीतरी सांगावं लागतं.

२३ जून

सांगायला सुरुवात. आधी पोस्टग्रेसची सर्व्हिस फाइल उघडली तर डेबियनवाल्यांनी आधीच उणे ९०० लिहून ठेवलंय! मग तरी मेलं कसं? तिथेच कॉमेंट होती, हे फक्त पोस्टमास्टरसाठी, म्हणजे पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेससाठी, बॅकएंड सुरू झाले की आपापला आकडा शून्य करतात. विचार केला तर योग्यच आहे, एखाद्याने भलती क्वेरी टाकून सगळी रॅम खाल्ली तर तो मरायलाच हवा.

पण एका बॅकएंडला सिगकिल बसला की पोस्टमास्टर सामायिक मेमरीवर विश्वास ठेवत नाही, काय अर्धवट लिहून ठेवलंय कोण जाणे, म्हणून बाकी सगळी कनेक्शन तोडतो, सामायिक मेमरी टाकून नवी घेतो आणि लॉग वाचून रिकव्हरी करतो. काकांची दोन पानं तिथे गेली. आणि आता लक्षात आलं, किलरच्या हातून सुटले असते ३८ एमबी, पण पोस्टग्रेसने स्वतःच्या नियमाने जवळजवळ १ जीबीचं घर रिकामं केलं म्हणून मशीन उठलं. म्हणजे उपाय लागू पडला तो भलत्याच कारणाने.

वर्करना अधिक ५०० दिला. अधिक ५०० म्हणजे एकूण मेमरीच्या निम्मी त्यांच्या खात्यात जमा, १.९ जीबी, मग ३८० चा वर्कर ९६८ च्या कनेक्शनच्या कुठल्या कुठे वर. स्कोअर बघितला, १०६६.

२९ जून

नुसता आकडा पुरणार नाही, कारण ती पंचवीस मिनिटं तशीच राहणार. म्हणून वर्करना वेगळ्या सीग्रुपमध्ये (मेमरीची मर्यादा घालता येणाऱ्या प्रोसेसच्या गटात) टाकलं, सिस्टिमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिटमध्ये मेमरीमॅक्स २ जीबी. आता भांडण त्यांचं त्यांच्यात, २ जीबी भरले की मरणार त्यांच्यातलाच कोणीतरी.

शहाणपणा करून मेमरीहाय पण १.७ ला लावला. पहिल्याच रात्री सहाही वर्कर जिवंत आणि ओसीआरचं एकही पान निघालं नाही. हाय ओलांडलं की कर्नल मारत नाही, हळू करतो, अजून हळू करतो. स्वॅप नसल्यामुळे बाहेर काढायला काही नव्हतंच, म्हणून नुसतेच घुटमळत बसले. ना मरतात ना काम करतात. हाय काढला.

३० जून

काढल्यावर पहाटे एक वर्कर मेला, अपेक्षेप्रमाणे, मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी. पण सकाळी बघतो तर अख्खी सर्व्हिस बंद! सिस्टिमडीचा ओओएमपॉलिसी, डीफॉल्ट स्टॉप, युनिटमधला एक जरी असा मेला तरी सगळं युनिट थांबव. कंटिन्यू केलं. याच्यावर दीड तास गेला आणि उत्तर मॅन्युअलच्या एका परिच्छेदात होतं.

७ जुलै

२ जीबीची स्वॅप फाइल टाकली. जास्त मेमरी मिळावी म्हणून नाही, तर दिवसभर हात न लागणारी पानं कुठेतरी ठेवता यावीत आणि कोडची पानं रॅममध्ये राहावीत म्हणून. वर्करना मात्र मेमरीस्वॅपमॅक्स ५१२ एमबी, कारण सीग्रुपच्या मॅक्समध्ये स्वॅप धरत नाहीत आणि हे सहा जण सगळी फाइल खाऊन बसले असते.

प्रेशरची फाइल पण रोज बघायला लागलो, ४.२० पासून आलीय, जोहान्स वायनरचं काम. फ्री कमांड किती उरलं ते सांगते, ही सांगते की मेमरीची वाट बघत उभं राहण्यात किती टक्के वेळ गेला. सम (some) म्हणजे निदान एक जण अडकला, फुल म्हणजे सगळेच. ते पंचवीस मिनिटांचं प्रकरण फ्रीमध्ये दिसलंच नसतं, इथे ओरडून सांगितलं असतं. सिस्टिमडीचा ओओएमडी याच्यावरच चालतो, पण एवढ्याशा मशीनला मी एक क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम) लावला, फुलचा साठ सेकंदांचा आकडा १० च्या वर गेला की स्कॅनचं नवीन पान घेऊ नका. झालं.

वर्कर सहाचे चार केले हे लिहायचं राहिलं. त्याला काही कर्नल वाचायला लागला नसता, हे मान्य.

१७ जुलै

आज एकादशी, काकांना वाटलं मी सुट्टी घेणार, त्यांनी स्वतः नाही घेतली.

रात्री ३:१२ ला एक किल. सीग्रुपच्या इव्हेंट्समध्ये ओओएम-किल १. टेसरॅक्टचा वर्कर, मेला तेव्हा १.१ जीबीवर होता, बाकी तिघे चारशेच्या आत. पोस्टग्रेसला खबर पण नाही, प्रेशरचा फुल २ च्या वर गेला नाही. पान कुठलं ते काढलं, एका अंकातली तीन घड्यांची जाहिरात, उलगडून स्कॅन केलेली. ए४ चं एक पान ६०० डीपीआयला ४९६० गुणिले ७०१६, रंगीत पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे १३९ एमबी, आणि ही तिप्पट, ४१७ एमबी नुसतं चित्र, त्याच्या आतल्या प्रती वेगळ्या.

अशी पानं रुंदीवरून ओळखून वेगळ्या रांगेत टाकायची, एकच वर्कर, ३०० डीपीआय. उद्या करतो. काकांचा मेसेज आलाय, मशीन छान पळतंय पण ओसीआर अजून "ळ" ला "ल" वाचतं, त्याचं काय करतोस.